ओट्यावरचा माणूस पुन्हा धुऱ्यावर यावा



या पानावर आम्ही दरवेळी लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात मात्र उसाबरोबरच ऊस लावणाऱ्या माणसाविषयी लिहायचे आहे. विषय थोडा घरगुती आहे, पण शेवटी तो वावरापर्यंतच येतो. म्हणून सर्वांनी, विशेषतः घरातील कर्त्या मुलांनी आणि सुनांनी, हा लेख जरूर वाचावा. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवावा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आडसाली लागणीसाठी बेणे प्लॉट पाहात आम्ही पैनगंगेकाठच्या एका गावी गेलो होतो. ज्या सभासदाच्या नावाने नोंद होती ते काकाजी घराच्या ओट्यावरच बसले होते. वय साठीच्या जवळपास. 2017 साली कडबा कुट्टी यंत्रात त्यांचा उजवा पंजा गेला. आम्ही रामराम केला आणि सवयीप्रमाणे विचारले, "काकाजी, मुलगा कुठे आहे?" त्यांनी डाव्या हाताने वावराकडे बोट दाखवले. आम्ही निघालो. शेअर त्यांचा, सातबारा त्यांचा, नोंद त्यांची. पण बोलायचे ते मुलाशी, हे आम्हीही गृहीतच धरले होते.

मुलाबरोबर प्लॉट पाहिला. ऊस जोमदार होता. आमच्या कर्मचाऱ्याने वहीत 'बेण्यास योग्य' असे लिहायला घेतले. तेवढ्यात काकाजी धुऱ्याधुऱ्याने आमच्या मागे आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, त्या आंब्याकडच्या सऱ्यातलं बेणं नका घेऊ. त्याच्यात काणी हाये."

आम्ही आत शिरून पाहिले. खरोखरच तीन बेटांच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघालेला होता. बांधावरून तो दिसत नव्हता. ते बेणे तसेच गेले असते, तर दहा-बारा सभासदांच्या वावरात रोग पोहोचला असता.

"काकाजी, तुम्हांला हे कधी दिसलं?"

"आठ दिस झाले असतीन. मी तं दिवसभर इथंच फिरतो ना."

"मग सांगितलं का नाही?"

ते हसले आणि म्हणाले, "मले कोणी इचारलंच नाही, साहेब."

मुलगा खाली पाहू लागला. खरे सांगायचे तर आम्हीही खाली पाहिले. तासाभरापूर्वी त्यांच्या ओट्यासमोरून आम्हीच तसेच निघून गेलो होतो. गेलेला पंजा त्यांनी केव्हाच सोसला होता. पण ज्या दिवसापासून त्यांना विचारणे बंद झाले, त्या दिवसापासून ते ओट्यावर बसले होते.

गावोगावचे ओटे

असे ओटे आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात आहेत. कोणाला लकव्याने एका अंगाने कमजोर केले आहे. कोणाचा पाय बंडीखाली किंवा ट्रॅक्टरखाली सापडला. कोणाचे गुडघे गेले, कोणाला कमी दिसते, कोणाला ऐकू येत नाही. बहुतेकांना तर दुसरे काही नाही, फक्त वय झाले आहे. अशा माणसाला घरात जेवण मिळते, औषध मिळते. लेकरेबाळे वाईट नाहीत. पण सकाळी वावरात जाताना "आज काय करायचं, बाबा?" हा एक प्रश्न बंद होतो. नंतर माणूस स्वतःच म्हणू लागतो की आता माझा काही उपयोग नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख फार पाहिले आहे. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु आपण घरावर ओझे झालो आहोत हा विचार माणसाला आतून कसा पोखरतो, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

यावर उपाय काय? तो शोधायला फार लांब जावे लागत नाही.

नदीपलीकडचे उदाहरण

आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या तीन जिल्ह्यांत तीन मोठी कामे उभी राहिली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली तपोवन उभारले. आणि वणी तालुका ओलांडून वर्धा नदी पार केली की चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताई यांचे आनंदवन लागते. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न होता. ज्याचे हातपाय रोगाने झिजवले आणि ज्याला घराने, गावाने बाहेर काढले, त्या माणसाने पुढे जगायचे कसे?

आनंदवनाचे उदाहरण आपण विस्ताराने पाहू, कारण ते मुळात शेतीचे उदाहरण आहे.

बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटचा. घरची जमीनदारी, शिक्षण वकिलीचे. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना त्यांनी भंगीकाम स्वतः केले. त्या काळात एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याकडेला त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. शेवटच्या अवस्थेतला. बाबा पहिल्यांदा घाबरून दूर गेले, आणि आपण घाबरलो याचीच त्यांना लाज वाटली. ते परत गेले. पुढचे सर्व त्यातून घडले. 1949 साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली आणि 1951 साली विनोबाजींच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले.

सरकारकडून मिळालेली जमीन सुमारे 50 एकर होती. झुडपांची, दगडाधोंड्यांची, विंचू-सापांची. सोबतीला साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात 14 रुपये, असे तिथले लोक आजही सांगतात. आपल्यापैकी ज्यांनी बरड जमीन वाहितीखाली आणली आहे, त्यांना हे काम काय असते ते माहीत आहे. धड दोन हात असलेला गडीही अशा जमिनीत टेकीस येतो. आणि इथे तर ज्यांची बोटे झडली होती, त्यांनी विहीर खोदली, दगड वेचले, भाजीपाला आणि धान्य काढले.

माल निघाला, पण पहिली अडचण पुढेच होती. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी आणि दूध विकत घ्यायला लोक धजेनात. पुढे बाहेरदेशीचे स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, तिथलेच अन्न जेवले, तेव्हा कुठे लोकांची भीती ओसरू लागली. 1960 च्या दशकात तर याच लोकांनी कॉलेज उभारले. ज्या गावाने त्यांना दूर ठेवले होते, त्या गावची मुले त्यांनी बांधलेल्या इमारतीत शिकू लागली. तिथेच कृषी महाविद्यालयही झाले. आपल्या भागातील अनेक मुले तिथून शेतीची पदवी घेऊन आली आहेत. पुढे मूल तालुक्यात सोमनाथ येथे 1967 पासून जंगलपट्टीत भातशेतीचा प्रकल्प उभा राहिला. तोही अशाच हातांनी.

कुष्ठरोग आता पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकात आपल्याकडे आले, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि उपचार सुरू झाला की लागण पसरण्याचा धोका लवकरच संपतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

तिथे नेमके काय केले?

आम्ही आनंदवनात दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी भारावून परत आलो आणि विसरलो. दुसऱ्या वेळी शेतकी खात्याच्या नजरेने पाहिले, तेव्हा तीन गोष्टी ध्यानात आल्या.

पहिली गोष्ट, दयेपेक्षा काम आधी. दान घेऊन माणूस आणखी दुबळा होतो आणि कामाने तो उभा राहतो, ही बाबांची भूमिका होती. तिथे आलेल्या माणसाच्या जखमा धुतल्या, औषध दिले, आणि त्याबरोबरच त्याला जमेल ते कामही दिले.

दुसरी गोष्ट, कामाची वाटणी. एका माणसाला सगळे काम जमले पाहिजे हा हट्ट तिथे नाही. ज्याचे हात चालतात पण पाय नाहीत, तो बसून करायचे काम करतो. ज्याचे पाय धड आहेत, तो सामान पोहोचवतो. शेती, हातमाग, सुतारकाम, बांधकाम, छपाई, सगळे असे मिळून चालते. बधिर हाताला चटका किंवा जखम कळत नाही. अशा हातासाठी अवजाराची मूठ जाड करावी लागते, कापड गुंडाळावे लागते, आणि संध्याकाळी हात तपासून पाहावा लागतो. थोडक्यात, माणसाला अवजाराजोगे करण्याऐवजी अवजार माणसाजोगे करायचे.

तिसरी गोष्ट, कष्टाचा मान. जो करतो त्याचे काम मोजले जाते, त्याचा संसार उभा राहतो. बरे झालेले कित्येक लोक, ज्यांना घराने परत घेतले नाही, ते तिथेच लग्न करून, घर करून राहिले. पुढे अंध, मूकबधिर आणि इतर अपंगांसाठीही तिथे शिक्षणाची आणि कामाची सोय झाली.

आणि स्वतः बाबांचे काय? अनेकांना हे ठाऊक नसते की मणक्याच्या विकाराने बाबांना वर्षानुवर्षे बसताच येत नव्हते. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. तरीही डिसेंबर 1985 मध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी, शंभरावर तरुण-तरुणींना सायकलींवर बरोबर घेऊन ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण सायकलवर, बाबा गाडीत आडवे पडून. 1988 साली अरुणाचलातील इटानगरहून गुजरातमधील ओख्यापर्यंत दुसरी यात्रा काढली. 1990 च्या सुमारास ते नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले आणि बरीच वर्षे तिथे राहिले. 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनातच त्यांचे निधन झाले. बसता येत नाही म्हणून ते घरी पडून राहिले नाहीत. आडवे पडून जे करता येईल ते त्यांनी केले.

आपण काही बाबा आमटे नाही, हे खरे. पण आनंदवनात विहीर खोदणारे लोकही कोणी मोठे नव्हते. ते आपल्यासारखेच खेड्यापाड्यांतले शेतकरी आणि मजूर होते.

आपल्या उसात अशी कोणती कामे आहेत?

आता आपल्या वावराकडे येऊ. "साहेब, ऊस म्हणजे ताकदीचं काम, बुढा माणूस त्यात काय करन?" असे अनेक जण विचारतात. तोडणी, बांधणी, पाचट ओढणे ही ताकदीची कामे आहेत. परंतु उसाचे उत्पन्न जिथे वाढते किंवा बुडते, ती पुष्कळ कामे नजरेची आणि चिकाटीची आहेत.

1. बेण्याची पाहणी. आठ-आठ दिवसांनी प्लॉटमध्ये फिरून काणी आणि गवताळ वाढीची बेटे हेरणे. बेटाला चिंधी बांधून खूण करावी. काणीच्या पट्ट्यावर आधी पिशवी चढवावी, मगच तो कापावा, नाहीतर काळी भुकटी वाऱ्याने पसरते. नंतर धडधाकट माणसाने बेट मुळासकट खणून जाळावे. पाहणारे डोळे एकाचे, खणणारे हात दुसऱ्याचे.

2. टिपऱ्या निवडणे. बेणे 9 ते 11 महिन्यांचे असावे. तोडलेल्या टिपऱ्यांतून खराब डोळ्याच्या, किडक्या, आतून लाल पडलेल्या टिपऱ्या बाजूला काढणे हे सावलीत बसून करायचे काम आहे.

3. रोपवाटिका. हल्ली आपल्याकडे एक डोळा पद्धतीने ट्रेमध्ये रोपे करण्याकडे कल आहे. पाच बाय दोन फुटांवर लागण केली तर एकरी सुमारे 4,350 रोपे लागतात. कोकोपीट भरणे, डोळा बरोबर ठेवणे, झारीने पाणी देणे, मेलेले वेगळे काढणे, हे सगळे बसून होते. ट्रे जमिनीवर न ठेवता कमरेइतक्या उंचीच्या माच्यावर ठेवले, तर गुडघेदुखीचा माणूस खुर्चीवर बसून आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूसही हे काम करू शकतो. घरातील वयस्क मायमावल्यांचा हात यात फार चांगला बसतो असा आमचा अनुभव आहे.

4. हिशेबाची वही. लागणीची तारीख, खताचा हप्ता, पाण्याची पाळी, तोडणीची तारीख, वजनाच्या पावत्या, कपाती. शंभरात किती घरी ही वही आहे? ज्याला चालता येत नाही पण लिहिता येते, त्याच्याकडे ती सोपवावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याने सांगावे आणि नातवाने लिहावे.

5. सल्ला. कोणत्या वावरात पाणी साचते, कोणत्या धुऱ्याकडे हुमणी लागते, 20 वर्षांपूर्वी तिथे कोणते पीक साधले होते, हे माती परीक्षणाच्या कागदावर येत नाही. ते बुढ्या माणसाच्या डोक्यात असते.

सांभाळायच्या गोष्टी

हे वाचून कोणी म्हाताऱ्या माणसाला कामाला जुंपू नये. काम देणे वेगळे आणि राबवून घेणे वेगळे. माणूस थकला की त्याने उठावे, आणि कोणी हिशेब मागू नये. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला वयस्क माणसाला पाठवू नये. बेणे प्रक्रियेच्या औषधात उघडा हात घालू नये, आणि ज्याचा हात बधिर आहे त्याने तर ते कामच करू नये. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्याकडून कामाची अपेक्षा नाही. पण त्यांच्याजवळ बसून आज वावरात काय झाले एवढे सांगायला कोणाचे काय जाते?

दुसरे असे की, पुष्कळांना वय झाले म्हणून घरी बसवले जाते, आणि खरे कारण मोतीबिंदू असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात होते. ती करून घ्यावी. काठी, चष्मा, कानाचे यंत्र यांची लाज धरू नये. बैलाला नाल मारताना आपण लाजत नाही.

तिसरे, कुट्टी यंत्र आणि मळणी यंत्र. हाताने चारा आत ढकलू नये, पट्ट्याला जाळी बसवावी, धोतराचा सोगा आणि पदर खोचून घ्यावा, आणि बटण हाताजवळ असावे. आमच्या काकाजींचा पंजा अर्ध्या मिनिटात गेला.

चौथे, हक्काचे कागद. अपंग व्यक्तींच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे अपंगत्व मानले आहे, त्यात कुष्ठरोगातून बरे झालेलेही येतात. त्याचे प्रमाणपत्र काढून घ्यावे. शेतकऱ्याला अपघाताने अपंगत्व आल्यास राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून अनुदान मिळते. त्यासाठी विलंब न करता तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. आणि उसाचे बिल ज्याच्या नावाने निघते, त्याच्या हातात त्यातले काही तरी पडावे. स्वतःच्या वावराच्या पैशातून नातवाला खाऊ घेता येणे, ही लहान गोष्ट नाही.

शेवटचे

काकाजींच्या घरी त्यानंतर आम्ही दोनदा गेलो. आता ते आठवड्यातून एकदा खांद्यावर चिंध्यांची पिशवी टाकून प्लॉटमध्ये फिरतात. संशय आला त्या बेटाला डाव्या हाताने आणि दाताने गाठ मारतात. मुलगा संध्याकाळी येऊन ती बेटे काढतो. शेजारचे दोघे जणही त्यांना आपला ऊस दाखवायला नेतात. मागच्या खेपेला आम्ही गेलो तर ओटा रिकामा होता. सूनबाई म्हणाल्या, "बाबा वावरात गेले. तुमाले काम असन तं तिकडंच जा."

आम्ही तिकडेच गेलो.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे की बेणे पाहणीला किंवा नोंदीला गेलो, की ज्याच्या नावाने नोंद आहे त्या सभासदाशी आधी बोलायचे, मग ते ओट्यावर असोत की खाटेवर. आमच्या गटातील कर्मचाऱ्यांनाही तसे सांगितले आहे. त्यात कसूर झाली तर सभासदांनी आम्हांला निःसंकोच कळवावे.

आणि तुमच्याकडून एवढीच अपेक्षा. उद्या सकाळी वावरात निघताना ओट्यावरच्या माणसापाशी क्षणभर थांबा आणि विचारा, "बाबा, आज काय करायचं?" आणि उत्तर ऐकूनच पुढे जा.